धक्क्याचा अर्ज

आमचे अण्णा राजकारणात होते असं आज कोणी म्हणालं की मला हसू येतं. लोकल बोर्डाचे ते मेंबर होते, हे खरं. पण मेंबर झाले कसे, तर समोर उभे राहणारे गृहस्थ अर्ज भरायच्या आदल्या दिवशी देवरूखला व्याह्यांकडे जेवायला गेले, तिथे त्यांचं पोट बिघडलं आणि चार दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत. अण्णा बिनविरोध निवडून आले. ही हकिगत अण्णा स्वतःच सगळ्यांना सांगत. वर त्या गृहस्थांच्या तब्येतीची चौकशी करायला ते देवरूखला जाऊनही आले. मला याची भयंकर लाज वाटे. पुढाऱ्याने कसं मूठ आपटून बोलावं, टाळ्या घ्याव्यात, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. अण्णांनी टाळ्या घेतल्याचं मला एकदाच आठवतं, आणि तेव्हा ते गुरांच्या कोंडवाड्याबद्दल बोलत होते. मी सोळा वर्षांचा होतो, रत्नागिरीला हायस्कुलात जात होतो, ओठावर जेमतेम मिशी फुटली होती आणि अण्णांच्या मेंबरकीमागचं खरं डोकं आपलंच आहे अशी माझी समजूत होती. समजुतीला कारण एवढंच, की अण्णांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे आणि बोर्डाची सगळी पत्रं मी लिहीत असे.

घर आमचं खाडीच्या दक्षिण काठावर, वाडीच्या अगदी टोकाला. सकाळी दूध तापायच्या आत पहिला माणूस दारापुढच्या खळ्यात येऊन खोकायचा. हाक मारायची पद्धत नव्हती. खोकायचं आणि थांबायचं. आई चुलीपुढूनच ओळखायची, हा खोकला कोणाचा आणि काम काय असणार. कोणाचा बैल कोणाच्या भाताच्या तरव्यात शिरलेला असे. कोणाच्या मुलाचं मुंबईहून पत्र आलेलं असे आणि ते वाचून हवं असे. एकदा देवी टोचणारा डॉक्टर येणार म्हणून निम्म्या वाडीच्या बायांनी पोरं गवताच्या उडवीमागे दडवली, तेव्हा अण्णांनी भर खळ्यात स्वतःचा दंड पुढे केला आणि दुसऱ्यांदा टोचून घेतलं. सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर अण्णा एकच वाक्य म्हणत, "बघू हां, करू काहीतरी." या वाक्याचाही मला राग यायचा. ओटीवर बसलेल्या माणसाला न विचारता पेज वाढायची ही घराची रीत होती. मऊ पेज, वर मेतकूट, बाजूला भाजलेला पोह्याचा पापड. आई म्हणायची, "मेंबर हे झाले, आणि पेज मी रांधते." पण पातेलं तिने कधी लहान केलं नाही.

करू काहीतरी म्हटल्यावर अण्णा खरोखरच करत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. वरच्या वाडीतली विहीर उपसायची होती आणि गडी मिळेना, तेव्हा ते स्वतः कासोटा घालून विहिरीत उतरले. उतरले खरे, पण वर येता येईना. मग चौघांनी दोर लावून लोकल बोर्डाच्या मेंबराला वर ओढलं. त्याच आठवड्यात शाळेत कोणीतरी मला विचारलं, "तुझे वडील पाण्यात काय शोधत होते रे?" मी तीन दिवस त्या मुलाशी बोललो नाही. वडिलांशीही बोललो नाही, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. रत्नागिरीला जायचं म्हणजे आम्हाला होडीने खाडी ओलांडावी लागे. पलीकडच्या काठाला चिऱ्यांचा चांगला बांधलेला धक्का होता. होडी लागली की माणूस कोरड्या पायाने उतरे. आमच्या बाजूला काहीच नव्हतं. भरतीला पाणी थेट माडांच्या मुळाशी येई, तेव्हा ठीक. पण ओहोटी लागली की पाणी दूर जाई आणि काठापासून होडीपर्यंत शंभर दीडशे पावलांचा काळा चिखल उघडा पडे. त्यात कोणी गुडघ्यापर्यंत रुते, कोणी मांडीपर्यंत. बाजाराला जाणाऱ्या बाया डोक्यावर हारे घेऊन, लुगडी वर खोचून, एकमेकींचा हात धरून त्या चिखलातून जात. अण्णाही तसेच जात आणि बोर्डाच्या सभेला वाळलेल्या चिखलाच्या पोटऱ्या घेऊन बसत. मी एकदा त्यांना म्हटलं, "पाय तरी धुऊन जा." ते म्हणाले, "अरे, धुतले तर त्यांना कळणार कसं?" मला वाटलं, हे आळशी माणसाचं उत्तर आहे.

आणि मी कसा जात असे? मी गोदाक्काच्या पाठीवरून जात असे. आमच्या बाजूची होडी धोंडूकडे होती. गोदाक्का त्याची बायको. धोंडू दम्याने बेजार, तो होडी कशीबशी चालवी. बाकीचं सगळं गोदाक्का करी. चिखलातून माणसं उचलून नेणं हे पूर्वी वाडीतल्या तरुण गड्यांचं काम होतं, पण तरुण गडी सगळे मुंबईला गिरणीत नाहीतर बोटीवर. दहा वर्षांचा असताना मी पहिल्यांदा रत्नागिरीच्या शाळेला निघालो तेव्हा माझं नवं धोतर आणि टोपी बघून आईने तिला सांगितलं, "एवढ्या पोराला चिखल लागू देऊ नको गो." गोदाक्का काठावर पाठमोरी वाकली, म्हणाली, "बस रे बाळू," आणि मी बसलो. मग सहा वर्षं बसतच राहिलो. मी वाढलो, गोदाक्काची पन्नाशी उलटली, पण सांगणं कोणी मागे घेतलं नव्हतं. तिच्या पाठीवर बसून मी इंग्रजी कविता पाठ करी. आज हे लिहिताना हात जरा थांबतो आहे, पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. होडीत जसं बसायचं तसं गोदाक्कावर बसायचं.

धक्का बांधून मागायचा हा अण्णांचा जुनाच ध्यास. पण त्याला धार आली ती गोदाक्काच्या सुनेमुळे. म्हादू, गोदाक्काचा एकुलता मुलगा, मुंबईला बोटीवर खलाशी. त्याची बायको पारू इथे सासूजवळ. तिला पहिल्या खेपेला कळा लागल्या त्या नेमक्या भर ओहोटीत. मूल आडवं होतं, सुईणीने हात टेकले, पलीकडे दवाखान्यात न्यायला हवं होतं. चार बायांनी तिला बाजेवर घालून चिखलात घातलं आणि अर्ध्यावर बाज रुतली. पुढे जाईना, मागे येईना. भरतीचं पाणी येऊन होडी जवळ येईपर्यंत ती पोर तिथेच चिखलात बाजेवर कळा देत पडून होती. ती वाचली. मूल नाही वाचलं. अण्णा तेव्हा बाजेचा एक खूर धरून उभे होते. घरी आल्यावर ते जेवले नाहीत, आणि त्या दिवशी "करू काहीतरी" असंही म्हणाले नाहीत.

आता पारूला पुन्हा दिवस गेले होते. आणि अण्णांची मेंबरकी त्या वर्षी संपत होती. देवरूखला पोट बिघडलेले ते गृहस्थ आता ठणठणीत झाले होते, म्हणजे अण्णा पुन्हा निवडून येण्याची शक्यता आमच्या घरीही कोणाला वाटत नव्हती. धक्का व्हायचा तर याच साली.

अर्ज मी लिहिला. तो लिहिताना मला जी धन्यता वाटली ती पुढे लग्नातसुद्धा वाटली नाही. चौदा कलमं होती. "सदरहू स्थळी पंकाचे अखंड साम्राज्य असून, आबालवृद्ध प्रजाजन तेणेकरून त्राहि त्राहि करीत आहेत," अशी सुरुवात होती. सहाव्या कलमात मी लिहिलं होतं, "आम्ही अर्जदार स्वतः विद्यार्जनार्थ प्रत्यही हा पंक तुडवीत असतो." हे लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. अण्णांना मी अर्ज वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "छान आहे. पण यात चिखल कुठे आहे रे?"

"पंक म्हणजे चिखलच, अण्णा."

"मग चिखल लिही ना."

"सरकारी कागदावर तो शब्द बरा दिसत नाही."

"बरा दिसत नाही म्हणूनच तर अर्ज करतोय," अण्णा म्हणाले. पण माझा चेहरा बघून त्यांनी सही केली.

गोदाक्का अंगठा उठवायला आली तेव्हा तिनेही ऐकवायला सांगितलं. "प्रसूतिवेदनांनी व्याकुळ झालेली एक अबला" हे कलम आलं तसं तिने मला थांबवलं. "ही कोन?"

"पारू. तुझी सून."

"मंग तिचं नाव का नाय?"

मी तिला समजावलं, की अशा अर्जांत नावं घालत नाहीत, त्याने भारदस्तपणा जातो. तिने मान हलवली आणि अंगठा उठवला. तिला पटलं असं मी धरून चाललो.

महिन्याभराने बोर्डाचं उत्तर आलं. बोर्डाचे इंजिनियरसाहेब जागा पाहायला फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला येणार होते. त्यांचा रिपोर्ट अनुकूल असेल तर मंजुरी, नाहीतर प्रकरण बंद. कोणत्या वेळी येणं सोयीचं होईल ते कळवावं, असं खाली लिहिलं होतं. अण्णा त्या दिवशी आतल्या गावांत गेले होते. मी ठरवलं, हे उत्तर आपणच पाठवायचं. खाडीकाठच्या माणसाला भरतीचा हिशेब शिकवावा लागत नाही. तिथीचा पाऊणपट केला की बारानंतर तितक्या तासांनी भरती. प्रतिपदा, म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस. त्यातही अमावास्येनंतरचं उधाण, पाणी थेट माडांत. मी सुवाच्य अक्षरात कळवलं, "साहेबांनी ठीक साडेबारास यावे. त्या समयी पूर्ण भरती असून होडी थेट काठास लागेल व साहेबांस यत्किंचितही कष्ट पडणार नाहीत." आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं केलंस. पाहुण्याचे पाय कशाला बरबटायचे?" अण्णा परत आल्यावर त्यांनीही मान डोलावली. साऱ्या वाडीला बातमी कळली, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. साहेब कोरड्या पायाने उतरावेत ही सगळ्यांचीच इच्छा होती. पाहुणा घरी येणार म्हटल्यावर आम्हा लोकांचं डोकं एकाच दिशेने चालतं.

प्रतिपदेला मी शाळेला दांडी मारली. साहेब आले. पुण्याकडचे, गोरे, जरा स्थूल, पायात चकचकीत बूट, हातात काठी. होडी माडाच्या मुळाशी लागली, साहेबांनी एक पाय उचलला आणि जमिनीवर ठेवला. बुटाला थेंब लागला नाही. मी अभिमानाने चारी बाजूंना पाहिलं. उन्हात सगळी खाडी काठोकाठ भरून चमकत होती. तेवढ्यात माझ्या मागे उभी असलेली गोदाक्का हळूच म्हणाली, "अवो अण्णा, सायेबाला चिखल कुठला दाखवनार आता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. आयुष्यात त्यानंतर मी बऱ्याच चुका केल्या आहेत, नोकरीत केल्या, जागा घेताना केल्या, पण इतक्या सुवाच्य अक्षरात पुन्हा कधी केली नाही.

"वा!" साहेब म्हणाले. "काय रम्य जागा आहे हो मेंबरसाहेब! आणि होडी तर अगदी दारात लागते. इथे धक्का कशासाठी हवाय?"

"ओहोटीला जरा त्रास होतो साहेब," अण्णा म्हणाले.

"मग ओहोटीला जरा थांबावं माणसांनी." साहेबांनी खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि मिटली. अण्णांनी पुढे काही बोलायला हवं होतं. त्यांच्या ओठांपर्यंत पारूचं नाव आलेलं मला दिसलं. पण साहेब उन्हातून आले होते, घाम पुसत होते, आणि पाहुण्याला आधी सावलीत बसवून गूळपाणी द्यायचं सोडून वाद घालणं अण्णांना जमणारं नव्हतं. ते म्हणाले, "चला साहेब, आधी जेवून घेऊ." बायांच्या घोळक्यात पारू उभी होती, पदर पोटावर घट्ट ओढून. ती वळली आणि घराकडे चालू लागली.

पुढचा भाग मी असा रंगवला असता, की मला एक युक्ती सुचली आणि मी साहेबांना ओहोटीपर्यंत अडकवून ठेवलं. काही वर्षं मी मुलांना तसं सांगितलंही. खरी गोष्ट अशी, की मी मागल्या दारी गोठ्यात जाऊन वासराच्या शेजारी बसलो होतो आणि रडत होतो. साहेबांना अडवलं ते आईने. साहेबांना दोन वाजता निघायचं होतं. पानं मांडली गेली, ओल्या काजूगरांची उसळ झाली, फणसाच्या कुयरीची भाजी झाली, आमसुलाचं सार झालं, आणि साहेब हात धुवायला उठणार तोच आई दारातून म्हणाली, "मोदक आत्ता कुठे चुलीवर चढलेत. तोंड गोड केल्याशिवाय कसे जाणार?" मोदक आले. ते संपतात तोच दुसरा घाणा आला. साहेब नको नको म्हणत आठ मोदक जेवले, वर तूप. पान झालं, सुपारी झाली. मग ओटीवर वाऱ्याला चटई अंथरलेलीच होती, उशीही होती. साहेब "पाच मिनिटं" म्हणून आडवे झाले आणि घोरू लागले. पुढे कितीतरी वर्षांनी मी आईला विचारलं, तू हे मुद्दाम केलंस का? ती म्हणाली, "मला काय कळतंय तुमच्या राजकारणातलं?" आणि निवडत असलेले तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडू लागली.

साहेब उठले तेव्हा उन्हं कलली होती. पाच वाजत आले असतील. काठावर आलो आणि साहेब जागच्या जागी थांबले. खाडी गेली होती. जिथे पाणी होतं तिथे काळा, ओला, बुडबुडे सोडणारा चिखल होता, आणि पार तिकडे, चिखलाच्या कडेला, धोंडूची होडी एवढीशी दिसत होती.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"ओहोटी, साहेब," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका ओशाळेपणा होता, जणू पाणी त्यांनीच उपसून टाकलं होतं.

"मग आता जायचं कसं? उचलायला गडी बोलवा कोणीतरी."

गडी कुठला? काठावर होत्या त्या बाया, आणि तीन म्हातारे. मग गोदाक्का पुढे झाली. तिने लुगडं गुडघ्यांवर खोचलं, साहेबांच्या समोर पाठमोरी वाकली, दोन्ही हात मागे केले आणि म्हणाली, "बसा सायेब."

साहेब दोन पावलं मागे सरले. "बाई, तू? तुझं वय काय? छे छे!"

"बसा वो. घाबरू नका, टाकायची नाय मी. ह्या बाळूला रोज नेतंय की." तिने वाकल्या वाकल्याच हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हा काय तुमच्यापरीस हलका नाय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी साडेपाच फूट उंच होतो. मिशी होती. साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग काखेतलं दप्तर उघडून माझा अर्ज काढला, सहावं कलम शोधलं आणि मोठ्याने वाचलं, "'आम्ही अर्जदार स्वतः विद्यार्जनार्थ प्रत्यही हा पंक तुडवीत असतो.' हे अर्जदार आपणच का?"

मी मान खाली घातली. वाडीतल्या बायांना "प्रत्यही" कळलं नसेल, "पंक" कळला नसेल, पण काय झालं ते सगळ्यांना कळलं. अण्णांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही, ते माझ्यासाठी त्यांनी केलेलं मोठं काम. साहेब खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले, विजार गुडघ्यांवर गुंडाळली. बूट माझ्या हातात दिले. "हे घेऊन या मागून," म्हणाले, आणि काठी टेकत चिखलात उतरले. अण्णा पुढे, साहेब मध्ये, गोदाक्का त्यांचा दंड धरून. दहा पावलांवर साहेब गुडघ्यापर्यंत गेले. तीस पावलांवर त्यांच्या तोंडून एक शब्द गेला, तो इथे लिहीत नाही. पण थांबले नाहीत.

मी बूट घेऊन काठावर उभा. आता मलाच जायचं होतं, आणि माझी पाठ म्हणजे गोदाक्काची पाठ, ती तर साहेबांबरोबर पुढे गेलेली. मी चिखलात पाय घातला. सोळा वर्षं त्या काठावर जन्म काढला आणि तो गार, चिकट, पाय खाली ओढणारा स्पर्श मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. पाय कुठे टाकावा हे त्यात शिकावं लागतं. बाया कडेकडेने, तिवरांच्या मुळांच्या आधाराने जात. मी सरळ नाकासमोर निघालो. विसाव्या पावलाला मांडीपर्यंत गेलो. दुसरा पाय काढायला गेलो तर तोही गेला. बूट डोक्यावर धरून मी कमरेपाशी वाकलो आणि ओरडलो, "अण्णा!"

साहेबांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. पण त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला असावा. "हलू नका!" ते ओरडले. "आहे तिथेच उभे राहा!" आणि ते बिचारे तेवढा चिखल तुडवत परत आले, माझ्याशेजारी काठी खुपसली, काठीवर बोटाने खूण केली, मग माझी उंची नजरेने मोजली, वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडचे बूट घेऊन पुन्हा होडीकडे वळले. सरकारी दप्तरात कुठेतरी आमच्या खाडीच्या चिखलाची जी खोली नोंदली गेली असेल, ती माझ्या मांडीवरून घेतलेली आहे. समाजकार्यात माझा प्रत्यक्ष सहभाग म्हणतात तो एवढाच.

पुढचं मला गोदाक्काने सांगितलं. होडीशी पोचल्यावर साहेबांनी अण्णांना विचारलं, "मेंबरसाहेब, हे तुम्ही मला दुपारीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाहुणे," अण्णा म्हणाले. "पाहुण्याला चिखलात उतर म्हणून कसं सांगायचं?" मग ते म्हणाले, "दोन वर्षांमागं याच जागेवर एका मुलीचं मूल गेलं, साहेब. पारू तिचं नाव. आता तिला पुन्हा दिवस आहेत." हे सगळं अण्णा हळू आवाजात, मूठबिठ न आपटता बोलले. साहेबांनी वही पुन्हा उघडली आणि ते नाव लिहून घेतलं. चौदा कलमांचा माझा अर्ज त्यांच्या दप्तरात मोदकाच्या तुपाचे डाग पडून होता.

धक्क्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. मंजुरी चैत्रात आली. पावसाआधी काम पुरं झालं नाही, निम्माच धक्का झाला. पुढचा निम्मा दुसऱ्या वर्षी, अण्णांच्या जागी देवरूखचे ते गृहस्थ मेंबर असताना, आणि त्याचा नारळही त्यांनीच फोडला. अण्णा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. पण श्रावणात, ओहोटीतच, पारूला न्यावं लागलं तेव्हा निम्म्या वाटेला पायाखाली चिरे होते. उरलेल्या निम्म्यात बाजेचा पुढचा एक खूर माझ्या खांद्यावर होता. तोवर मला पाय कुठे टाकायचा ते येऊ लागलं होतं. मुलगी झाली.

पण त्या प्रतिपदेच्या संध्याकाळचं एक राहिलं. अण्णा साहेबांना पोचवायला होडीतून पलीकडे गेले. मी आणि गोदाक्का दोघेच मागे चिखलात. तिने होडीपासून परत येऊन मला काखेत हात घालून ओढून काढलं, कडेकडेने काठावर आणलं, आणि माडाखालच्या दोणीतलं पाणी माझ्या पायांवर ओतू लागली. मी तिच्या हातातून तांब्या घेतला. मला एकदम रडू फुटलं. मी म्हटलं, "गोदाक्के, एवढा जड झालो होतो मी. मला कधी सांगितलं का नाहीस गो?"

ती लुगड्याचा ओला काठ पिळत होती. तिला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"म्या काय सांगायचं?" ती म्हणाली. "तू कंदी म्हनलास काय, मी उतरतंय म्हनून?"